बैठकीत ठरलेला संडास

प्रवासाच्या दिवशी माझी आई पाणी पीत नाही. चहा नाही, ताक नाही, कोणी कलिंगडाची फोड पुढे केली तर तीही नाही. तिच्या दोन्ही गुडघ्यांत धातूचे सांधे बसवलेत आणि डॉक्टरांनी खाली बसायला कायमची बंदी केली आहे. म्हणजे तिला खुर्चीसारखा संडास लागतो, आणि तोही स्वच्छ. घोरावाडीपासून लोणावळ्यापर्यंत असा संडास शोधणं हे मुलीला स्थळ शोधण्यापेक्षा अवघड आहे. मी दोन्ही केलं आहे, म्हणून सांगतो.

सोमाटणे फाट्यावर माझं दुकान आहे. पाडायला काढलेल्या बंगल्यांचं सामान मी उचलतो. नळ, बेसिन, फरशा, कमोड. लोणावळ्यात कोणी जुना बंगला पाडायला काढला की बातमी आधी मला लागते. सुरुवातीला हातगाडीवर माल आणत होतो. लोकांनी वापरून टाकलेले संडास ॲसिडने घासून मी विकले आणि त्यातून घर उभं केलं. फाट्यावर मला मागून ‘संडासवाला’ म्हणतात. म्हणू देत. पुढून म्हणायची कोणाची हिंमत नाही.

पोरीच्या पोरीचं नामकरण होतं. बाळंतपण आमच्याकडेच झालं. आईने नातीला, म्हणजे माझ्या पोरीला, रोज तेल लावलं, शेक दिला, पाय चोळून दिले. मग सासरचे येऊन तिला घेऊन गेले आणि नामकरण लोणावळ्यापलीकडे त्यांच्या गावात ठरलं. आमच्यात अशा कार्याला बायका पांढरी लुगडी नेसतात. घरातली सगळ्यांत मोठी बाई पुढे बसते, मेणबत्ती लावते, मग त्रिशरण-पंचशील होतं. ती मोठी बाई म्हणजे माझी आई. तिने ठेवणीतलं पांढरंशुभ्र लुगडं काढलं आणि सकाळपासून तोंडात पाण्याचा थेंब घेतला नाही. पण तिला रक्तदाबाची जी गोळी आहे ती लघवीची आहे. गोळीला लुगड्याचा रंग कळत नाही.

तळेगाव मागे पडायच्या आधीच ती म्हणाली, “आरं, माला जायचंय.”

वाटेतल्या एका पेट्रोल पंपावर गाडी घातली. तिथला कमोड मला माहीत होता, कारण माल माझ्याच दुकानातला होता. दाराला हे मोठं कुलूप.

“चावी साहेबांकडं हाय,” पंपावरचा माणूस म्हणाला.

“साहेब कुठं आहेत?”

“जेवायला गेल्यात.”

“जेवायला चावी घेऊन गेले? तोंडी लावणार आहेत का?”

त्याने खांदे उडवले. मी त्याच्या साहेबाच्या सात पिढ्या काढायला सुरुवात केली, तेवढ्यात आई गाडीतून ओरडली, “आरं भांडू नको! तू भांडलास की माला जास्तच लागती!”

स्वच्छ संडासाचं आपल्याकडे हे असं आहे. तो कोणीतरी धुतो म्हणून स्वच्छ नसतो, कोणाला जाऊ देत नाहीत म्हणून स्वच्छ असतो. गावात नवा बांधला की त्यात गोवऱ्या भरतात, कुलूप लावतात आणि माणसं टमरेल घेऊन शेतात जातात. विचारलं तर म्हणतात, खराब होईल.

कामशेतच्या पुढे मात्र एक अपवाद आहे. हॉटेल साधंच, भिंतीचा रंग उडालेला. पण मागचा संडास असा की मी दरवेळी लागलेली नसतानाही जाऊन येतो. कोरडी फरशी, भरलेली बादली, झाकण असलेला डबा, आणि बसलं की डोळ्यांसमोर छोटी खिडकी. खिडकीतून भातखाचरं दिसतात. एक मावशी दर गिऱ्हाईकामागे आत जाऊन फरशी पुसते. सबंध रस्त्यावर एवढं चांगलं ठिकाण नाही, आणि तेही खाली बसायचं. मालकाला मी दोनदा सांगितलं होतं, खुर्चीचा एक बसव, मजुरी घेणार नाही. तो म्हणाला होता, “नको शेठ. वर पाय ठेवून उकिडवं बसत्यात लोक. फोडत्यात.”

आईने दारात उभं राहून आत पाहिलं. सराफाच्या दुकानात पाहावं तसं.

“काय चकचकीत ठेवलाय बया,” ती त्या मावशीला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “चल. पोरीकडंच जाते. तितं आपलाच हाय.”

आपलाच. हे ती उगीच म्हणाली नाही.

पोरीच्या लग्नाची बैठक बसली तेव्हा व्याह्यांच्या घरी परसात एक जुना संडास होता, खाली बसायचा, पत्र्याच्या दाराचा. मी बैठकीत सांगितलं, “फ्रीज, कपाट काही देणार नाही. तुमच्या घरामागे संडास-बाथरूम बांधून देतो, खुर्चीचा. माझी आई नातीकडे येणार-जाणार, तिची सोय झाली पाहिजे. त्याला कधी कुलूप लागता कामा नये.” व्याही म्हणाले, “व्हय व्हय, घर तुमचंच हाय.” दोन्हीकडच्या माणसांनी ऐकलं. आमच्याकडे बैठकीतला शब्द म्हणजे शब्द. त्यावर पोरी दिल्या जातात.

कमोड मी साधा दिला नाही. एका जुन्या बंगल्यातून निघालेला, जाड चिनी मातीचा, दुधासारखा. तसा माल आता येत नाही. हॉटेलवाले मागे लागले होते, त्यांना दिला नाही. रुखवतात फीत बांधून ठेवला. कोणीतरी शहाणा म्हणाला, “ह्याच्यावर नवरी बसनार का नवरदेव?” आई म्हणाली, “ज्याला लागंल त्यो.”

वर्ष व्हायच्या आत व्याह्यांनी त्या संडासाला लागून दोन खोल्या काढल्या आणि शनिवार-रविवार मुंबई-पुण्याच्या पोरांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. मला कोणी सांगितलं नाही. मी फोनवर पाहिलं. पहिलाच फोटो माझ्या कमोडचा होता, शेजारी प्लास्टिकचं फूल ठेवलेलं. तेव्हापासून डोक्यात होतं, पण पोर दिलेल्या घरी माणूस गप्प बसतो.

आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणात मांडव, टेबलावर पांढरं कापड, प्रतिमा, मेणबत्त्या. बौद्धाचार्य आले होते. पांढऱ्या लुगड्यांतल्या बायका सतरंजीवर बसल्या होत्या. घराच्या मागून स्पीकरचा धडधडाट येत होता आणि दारात परगावच्या दोन गाड्या.

विहीणबाई पुढे आल्या. “या आजी, बसा पुडं. तुमचीच वाट बगतोय.”

“बाई, आदी माला जरा मागं न्या,” आई हळू आवाजात म्हणाली.

“मागं पार्टी हाय, आजी. हितं परसात हाय की आपला जुना.”

“त्यो बसायचा. माजं गुडघं—”

“मग घरनं जाऊन यायचं व्हतं,” विहीणबाई म्हणाल्या. हळू नाही, बायकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. सतरंजीवरून कोणीतरी फिसकन हसलं. आईने पदर पुढे ओढून मांडीवर दाबून धरला.

मी व्याह्यांना बाजूला घेतलं. “बैठकीत काय ठरलं होतं?”

“ठरलं व्हतं की. म्या कुटं न्हाई म्हन्तोय? पन आज शनिवार. पार्टी उद्या जाती. सोमवारी आना आजीला, दिसभर बसू द्या.”

आमचा जावई तिथेच उभा होता. फोनमध्ये बघत राहिला.

मी मागे गेलो. खोल्यांचं दार वाजवलं. अर्ध्या चड्डीतल्या एका पोराने ते बोटभर उघडलं. मी सांगितलं, म्हातारी आहे, पाच मिनिटांचं काम आहे. तो गोड आवाजात म्हणाला, “सॉरी काका, आम्ही पूर्ण बुक केलंय. मुली आहेत आत, प्रायव्हसीचा प्रश्न आहे.” आणि दार लावून घेतलं. आत कोणीतरी आंघोळ करत होतं. पाण्याचा आवाज येत होता.

मी तापट आहे, पण सौद्यात ओरडत नाही. सौद्यात समोरच्याला काय हवं आहे ते पाहायचं आणि त्यावर हात ठेवायचा. त्या घराची पाण्याची लाईन मीच टाकली होती. लोखंडी शिडीने स्लॅबवर गेलो आणि टाकीचा कॉक बंद केला.

थोड्याच वेळात आतून पहिली किंकाळी आली. मग दुसरी. मग दार उघडून एक पोरगा टॉवेलवर बाहेर आला, डोकंभर फेस, डोळे मिटलेले, हात पुढे करून चाचपडत.

“अंकल! पाणी गेलं! अंकल!”

व्याही धावत मागे आले. “मोटर बंद पडली काय?”

“मोटर ठीक आहे,” मी वरून म्हणालो. “पाणी माझ्याकडे आहे. आधी माझी आई आत जाईल. ती बाहेर आली की पाणी.”

“अवो भाऊ, आसं काय करताय! पावनी हायेत!”

“माझी आई कोण आहे मग?”

विहीणबाई पदर खोचून आल्या. “खाली उतरा आदी! ती पोरं फोनवर आपल्या खोलीला तारं कमी देत्यात. एकदा तारं गेलं की कोन येत न्हाई हितं!”

“काका, प्लीज, डोळ्यात जातंय!” फेसवाला रडकुंडीला आला होता.

“माझी आई मघापासून प्लीजच म्हणतेय,” मी म्हणालो. “तिला कोणी ऐकलं का?”

तो डोळे चोळत होता आणि त्याने ते जास्तच झोंबत होते. मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही. त्याचे मित्र एकमेकांत कुजबुजले, दोन मुली उशा आणि फोन घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या पोरीच्या मांडवाच्या कडेला तोंड वाकडं करून उभ्या राहिल्या. दार मोकळं झालं.

आईला तिची नात घेऊन आली. एका हाताने आजीला आधार, दुसऱ्या हातावर लेकरू. आई पावलं मोजून टाकावीत तशी टाकत होती. मांडवातल्या बायका माना वळवून त्या पांढऱ्या लुगड्याकडे बघत होत्या. कुठे ओलं दिसतंय का ते बघत होत्या, मला वरून कळत होतं. बौद्धाचार्य घड्याळाकडे पाहून न पाहिल्यासारखं करत होते. आई आत गेली. दार लागलं. फ्लशच्या टाकीत एकदा पुरेल एवढं पाणी होतं. त्याची मला खात्री होती.

ती बाहेर आली तेव्हा लुगडं कोरडं होतं. निऱ्या नीट केल्या होत्या. चेहऱ्यावर सकाळपासून नव्हता तो सैलपणा आला होता, आणि त्याबरोबर जीभही परत आली होती. ती सरळ विहीणबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

“लय स्वच्छ ठेवलाय हां बाई. चमाकतोय निसता. दुसऱ्याच्या बापानं दिलेलं आसं कोन जपत न्हाई.”

विहीणबाईंचं तोंड उघडलं, पण बोलली माझी पोर. अगदी साधेपणाने बोलली, कोणाला टोमणा म्हणून नाही.

“मीच धुते, आजी. पार्टी गेली की. कधी मधेही, कोणी उलटी केली तर.”

आई तिच्याकडे पाहत राहिली. जिच्या पाठीला तिने रोज तेल चोळलं होतं ती पाठ, ते हात, सगळं पाहून घेतलं.

“बाळंतीन हायेस तू,” ती म्हणाली.

“सव्वा महिना झालाय ना आता.”

“तुज्या पणजीनं गावकीची कामं टाकली,” आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण सतरंजीवरची चुळबुळ थांबली. “मेलेली ढोरं वडायचं सोडलं. गावानं पानी बंद केलं तरी सोडलं. ते काय कुनाच्या दारूची उलटी पुसायसाटी सोडलं व्हय गं?”

“घरचंच काम हाय,” विहीणबाई म्हणाल्या. “आमीबी करत व्हतो. आता ती करती. काय झालं येवडं?”

माझ्याकडे उत्तर होतं, दहा उत्तरं होती. पण मी स्लॅबवर होतो आणि पोर खाली होती, आणि मी गेल्यावरही ती खालीच राहणार होती.

तेवढ्यात उशी धरून उभी असलेली मुलगी व्याह्यांना म्हणाली, “अंकल, एकदा क्लीन करून मिळेल ना? म्हणजे, आता त्या आजी जाऊन आल्या ना. आम्हाला वापरायचंय.”

व्याह्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाईंनी माझ्या पोरीकडे. जावयाने फोन खिशात घातला आणि मांडवाकडे निघून गेला.

“पंचशील सुरू करायचं का?” बौद्धाचार्यांनी विचारलं.

“पाच मिनिटं थांबा, सर,” माझी पोर म्हणाली. तिने लेकरू आजीच्या हातात दिलं, आजीला पुढच्या खुर्चीवर नेऊन बसवलं, लुगड्याचा काठ पायाखाली येऊ नये म्हणून सावरून दिला. मग स्वतःचं पांढरं लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलं, दारामागचा खराटा घेतला आणि वर बघून म्हणाली, “पप्पा, कॉक सोडा. पाणी लागेल.”

मी कॉकवरचा हात हलवला नाही. खालून सगळे वर बघत होते. फेसवाला पोरगाही मिटल्या डोळ्यांनी वर बघत होता. नसता सोडला, तर तिने हापशावरून बादली भरून आणली असती. ती तशी आहे. माझ्यावर गेली आहे, घेतलेलं काम अर्धं टाकत नाही.

“पप्पा,” ती पुन्हा म्हणाली, “सगळे खोळंबलेत.”

मी कॉक सोडला.