चापातलं कुंकू

खंडेनवमीला आमच्या नेमबाजी क्लबात बंदुकांची पूजा होते. दरवर्षी कुणीतरी पाहुणा येतो, फेटा बांधून घेतो, शौर्यावर बोलतो आणि फोटोसाठी रायफल उलटी धरतो. ती त्याच्या हातात सुलटी करून देणं हे ज्येष्ठ सभासद म्हणून माझं काम. माझी स्वतःची पॉइंट टू-टू रायफल मात्र मी त्या दिवशी तिथे कधी नेली नाही. तिची पूजा घरी व्हायची.

बायको करायची. पाटावर विळी, शिलाई मशीन आणि रायफल, तिघींना सारखाच मान. आधी हळद, मग कुंकू, वर बोटभर गोडं तेल, आणि रायफलीला हे सगळं नेमकं चापावर, कारण काम तर तोच करतो, असं तिचं म्हणणं. तेलात कुंकू मुरलं की चिकटा होतो, चाप अडकतो, असं मी दरवर्षी समजावून सांगायचो. रविवारी नेम चुकला की क्लबात आणि घरी, दोन्हीकडे कुंकवाला बोल लावायचो. एकदा पोळ्या लाटता लाटता तिने ऐकवलं, "नेम तुमचा चुकते, अन् दोष माह्या कुंकवाले? आधी चष्मा बदला."

चष्मा मी गुपचूप बदलला. नेम सुधारला नाही. तेवढं तिला सांगितलं नाही.

ती जाऊन दोन वर्षं झाली. धंतोलीच्या दवाखान्यात अकरा दिवस होती. आता रविवारचा क्लब सोडला, तर आठवडाभर माझ्याशी बोलणारा माणूस म्हणजे दूधवाला, आणि तोही घाईत असतो. क्लबात एक रीत आहे. ज्याचा नेम सुटला त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. सत्कार झालेला माणूस पुन्हा येत नाही. यंदा माझ्या गोळ्या कागदभर पसरायला लागल्या तेव्हा सचिव फारच गोड बोलू लागले, आणि मला शाल दिसायला लागली.

म्हणून चाप उघडायचं ठरवलं. सीताबर्डीच्या म्हाताऱ्या बंदूकवाल्याला विचारून आलो. तो म्हणाला, मळ काढा, पण घासू जास्त नका. फार गुळगुळीत केलेली बंदूक नुसती आपटली तरी उडते, मग तुमच्यासाठी शोकसभा घ्यावी लागेल. गोळी नाही हे तीनदा पाहिलं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, एकेक स्क्रू वाटीत ठेवला, प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढला. भाग रॉकेलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासले. कोपऱ्यांतून तांबडी खपली सुटली. एक, दोन, मग किती तरी. त्यात तांदळाचा अर्धा दाणाही होता. रॉकेल गुलाबी झालं.

जिथे दोन भाग एकमेकांना घासतात तिथे बारीक पॉलिश पेपर हलका फिरवला, शिलाई मशीनच्या कुपीतलं तेल थेंबभर सोडलं आणि फोटो पाहत सगळं परत जोडलं. चाप ओढला. कुठे खरखर नाही, अडथळा नाही. लोण्यातून सुरी जावी तसा. वाटीतलं रॉकेल फेकायला मला दोन दिवस लागले. शेवटी वासाने डोकं दुखायला लागलं म्हणून फेकलं.

रविवारी दहा गोळ्या झाडल्या. सहा डावीकडे गेल्या, एक कागदावर सापडलीच नाही. त्या खरखरीपाशी क्षणभर थांबून श्वास धरायची मला इतक्या वर्षांची सवय होती. आता मी तयार व्हायच्या आतच गोळी सुटत होती. शिवाय हात हलत होता. तो आधीही हलत असणार.

बाजूला माझा जुना जोडीदार होता, हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याने दुर्बिणीतून माझा कागद पाहिला आणि बराच वेळ डोळा काढला नाही. सचिव मागेच उभे होते.

"काहून गा," त्याने विचारलं, "चाप अजून अडकून राहिला का?"

"अडकते ना," मी म्हणालो. "इतक्या वर्षांचं कुंकू, असं एकदम थोडीच निघते."

त्याने सचिवांकडे पाहून मान डोलावली. वहिनींचा हात सढळ होता, म्हणाला. सचिव पुढच्या माणसाकडे सरकले.

घरी आलो, रायफल पुसून कपाटात ठेवली. दोष कुंकवाचा नव्हता हे आता मला नक्की माहीत होतं. चष्म्यासारखंच हेही तिला सांगायचं राहिलं.