चन्नप्पाकाकांची बोट

चन्नप्पाकाका गेले त्याला सव्वा महिना झाला, तरी माझा राग उतरत नाही. त्यांच्या मातीला आमच्या पेठेतले एक पुढारी बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "या सागरपुत्राने सात समुद्र पाहिले…" काकांनी समुद्र एकदाही पाहिला नव्हता! ओरडावंसं वाटलं. पण कुठल्या तोंडाने? ही कंडी पेठेत पिकवली ती मीच.

काका मूळचे मैंदर्गीचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि मराठीतल्या लिंगांशी उभा दावा. 'ती दगड', 'तो भाकरी'. मी शेजारी राहणारा मराठीचा मास्तर, त्यांच्या चुका काढणं हा माझा संध्याकाळचा उद्योग. दुष्काळाच्या साली ते नोकरीतून सुटून सोलापुरात आले आणि त्यांनी भिंतीवर एक जुना नकाशा लावला. कापडावर चिकटवलेला. त्यात गाव नाही, रस्ता नाही, नुसत्या डोंगरांच्या दाट तपकिरी रेषा. "मी खलाशी होतो. ह्यो हिमालय. हितं माझी बोट राहिली की, मास्तर," एका जागी हात ठेवून ते म्हणाले. खलाशी, आणि वर बोट! मी पोट धरून हसलो. "हिमालयात बोट? मग वल्हं कुठंय?" दुसऱ्या दिवशी पेठभर झालं. पोरंसोरंही त्यांना 'बोटवाले' म्हणू लागली.

ते मात्र भेटले की म्हणत, "पेपरात लिवा की एकदा. नकाशावर सायबाचं नाव छापलंय, आमचं न्हाय." मी म्हणे, आधी खरं सांगा, मग लिहितो. एकदा ते वाकून बुटाची नाडी सोडू लागले… भर उन्हाळ्यातही त्यांच्या पायात कॅनव्हासचे बूट असत, त्याचीही आम्ही चेष्टा करायचो. मला शिकवणीला उशीर होत होता. मी निघून गेलो.

शेवटची आंघोळ घालताना ते बूट निघाले. डाव्या पायाचं एक बोट नव्हतं. "बर्फानं खाल्लं," गंगम्माकाकू म्हणाल्या. "नकाशाच्या मोजणीचं सामान डोंगरावर वाहणाऱ्याला त्या खात्यात खलाशी म्हणत्यात. तुमाला किती डाव सांगितलं त्येनी!" सांगितलं होतं. फक्त 'माझं बोट' म्हणायच्या जागी 'माझी बोट' म्हणाले. ज्यांच्या एवढ्या चुका काढल्या, त्यांची नेमकी हीच चूक मला कळली नाही. गाढव लेकाचा मी!

नकाशा अजून त्याच भिंतीवर आहे. रोज हात लागून त्या जागेवरच्या रेषा पुसट झाल्यात. काल काकूंना विचारून मी तिथे पेन्सिलने लिहिलं, 'चन्नप्पा खलाशी. इथे त्यांची बोट राहिली.' 'त्यांची' तसंच ठेवलंय. कुठल्याही मास्तराने त्याला हात लावू नये.