आबांनी मला मम्मीच्या हाती दिलं

पाचवीची परीक्षा संपली आणि पप्पांनी मला आबांकडे, म्हणजे त्यांच्या वडिलांकडे, आणून सोडलं. कळवणहून जीप डोंगराच्या पायथ्यापर्यंतच जायची. पुढे वस्तीवर चालत. आबा तिथे चार शेळ्या घेऊन एकटेच राहायचे. "मम्मी कधी येणार?" असं मी वाटेत विचारलं. पप्पा म्हणाले, "बघू."

दिवसा बरं चालायचं. शेळ्यांमागे फिरायचं, करवंदं खायची, झिऱ्यातून वाटीवाटीनं पाणी भरायचं. ऊन उतरलं की मात्र मम्मीची आठवण यायची. मोबाइलला रेंज फक्त वरच्या खिंडीत यायची. शेळ्या बांधून झाल्या की आबा मला तिथे न्यायचे, पप्पांशी बोलायला द्यायचे. मम्मीला लावा म्हटलं की जमिनीकडे बघत म्हणायचे, "तिचा फोन बंद हाय, बाळा."

एका संध्याकाळी आम्ही खिंडीत पोचतोय तोच फोन वाजला. मम्मीचाच होता. आबांनी मला लांबच्या दगडावर बसवलं, पण तिथेही आबांचं बोलणं ऐकू येत होतं.

"पोर बरी हाय," आबा म्हणाले. "तू घर सोडून गेली एवढंच त्यानं सांगितलं. का गेली, ते नाय."

मग ते मम्मीचं ऐकत होते. मध्येच एकदा विचारलं, "त्यानं मारलं?"

मला ते ठाऊक होतं. आमच्या ओझरच्या घरी स्वयंपाकघराचं दार लोटलेलं असायचं आणि टीव्हीचा आवाज वाढवलेला. मी कुणाला बोलले नव्हते, कारण मला कुणी विचारलंच नव्हतं.

आबांनी तिथूनच पप्पांना फोन लावला. "तिची आई उद्या येती. मी पोरीला तिच्यासंगं पाठवणार."

पप्पांचं ओरडणं माझ्यापर्यंत आलं. "पाठवलीत, तर तुमचं माझं संपलं."

आबांचा आवाज चढला नाही. "तुझ्या आईवर मी हात उचलायचो. माझंच बघून शिकलास तू. आता हे बी बघ."

उतरताना त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की दुखत होता. त्या रात्री ते जेवले नाहीत.

मम्मी दुसऱ्या दिवशी दुपारी आली, उन्हानं लालबुंद होऊन. पाया पडायला वाकली तर आबा मागे सरले. "माझ्या पाया नको पडू," म्हणाले. मला आनंद झाला होता, पण रडूही आवरेना.

"पप्पा आले तर?" मी विचारलं.

"येऊ दे. मी हाय ना."

मी आणि मम्मी निघून गेल्यावर पप्पा खरंच आबांकडे आले. त्या दोघांत काय झालं ते आबांनी कधीच सांगितलं नाही. त्यानंतर पप्पा वस्तीवर गेले नाहीत. आम्ही सिन्नरला खोली घेतली, मम्मी एका कारखान्यात लागली. पप्पा मला अधूनमधून भेटतात, पण आबांचा विषय निघाला की घड्याळ बघतात.

मम्मी दर उन्हाळ्यात मला आबांकडे घेऊन जाते. आता त्यांना नीट दिसत नाही. मागच्या वर्षी मम्मी म्हणाली, "आबा, चला आमच्याकडे. इथे एकटे कसे राहणार?"

आबा शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "आन माझा पोरगा परत आला, तर घरी कोण असंल?"