सायरनचा क्लास

"बाईजी, पहले अपनी क्लास देखो, फिर सर्वर की देखना."

साहेब सगळ्यांसमोर म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. जन्मातला सगळ्यात मोठा बावळटपणा तो. तेलानं चोपडलेली वेणी, खांद्यावर नीट पदर, आणि विचकलेले दात! नातवंडांना तो चेहरा करून दाखवते, ती खिदळतात. मी नाही.

अर्थ कळला होता मला. मी कोणत्या वस्तीतली, ते तिथं सगळ्यांना ठाऊक.

बुरहानपूरबाहेरचं केळी पिकवायचं गोदाम. पिकताना वायू साठून बंद चेंबरमध्ये हवा मारक होते. वायूनं हद्द ओलांडली की सायरन वाजायला हवा. सायरन जावा भाषेत लिहिलेल्या सर्व्हरवर, आणि सर्व्हर माझ्याकडे.

सायरनचा कोड ज्या क्लासमध्ये, म्हणजे कोडच्या ज्या कप्प्यात, त्याच नावाचे दोन क्लास होते. एक खरा. दुसरा चाचणीचा, मुका. चाचणीच्या वेळी कान किटू नयेत म्हणून साहेबानंच मुक्याचा पत्ता क्लासपाथ नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे क्लास कुठं शोधायचे ते लिहिलेल्या नोंदीत, घातला आणि तसाच सोडला. आमचा सर्व्हर सुरू होताना आधी तिथं बघायचा. नाव सापडलं, की पुढं शोधायचाच नाही. खरा मागं उभा. त्याला हाकच नाही.

ते बदलायचा पासवर्ड साहेबाकडे. हेच सांगायला गेले होते. हसून परत आले.

त्याच दुपारी गिरजा क्रेट काढायला आत गेली. निंबोला गावची, माझ्याच वयाची. माझ्या स्क्रीनवर वायूचा आकडा चढत होता. लाल झाला. गोदाम गप्प. मी धावले. पाय धरून तिला बाहेर ओढलं. ओठ निळे.

वाचली. मी तेव्हाच सर्व्हर बंद केला होता; तो सुरू झाल्याशिवाय चेंबरचं काम नाही. ती कामावर परतली त्या सकाळी साहेब आला.

"चालू करो. गाड़ियाँ खड़ी हैं."

"आधी तो पाथ पुसा. तोवर मी सुरू करणार नाही."

"फिर वही? अपनी क्लास..."

कोपऱ्यात कोणीतरी हसलं. मी कीबोर्डवरचे हात काढले. उठून उभी राहिले. चेंबरच्या दारात बायांनी रिकामे क्रेट खाली ठेवले. एकही आत गेली नाही.

गिरजा माझ्याजवळ आली. घसा अजून बसलेला.

"त्या दिशी तू हसली व्हती. मले बाहेर ऐकू आलं व्हतं. आज नाही हसली. उद्या बी हसू नको."