कौतिकभाऊंचं अर्धं हसू

कौतिकभाऊ आमच्या शेजारच्या शाळेची रिक्षा चालवतात. शाळा सुटायच्या बऱ्याच आधी ते देवपुरातल्या माझ्या घरासमोरच्या निंबाखाली रिक्षा लावतात, ओट्यावर येऊन बसतात आणि आत डोकावून विचारतात, "अक्का, च्या शे का?" नाही म्हणायची सोय नसते. नाही म्हटलं तर ते हो म्हणेपर्यंत बसून राहतात.

चहा ते बशीतूनच पितात, आणि पिताना ओठाच्या उजव्या कोपऱ्याला बोटाने आधार देतात. चार-पाच हिवाळ्यांपूर्वी पांझरेच्या पुलावरून पोरं सोडून परत येताना थंड वारं तोंडाला लागलं, असं ते सांगतात. डॉक्टरांनी चेहऱ्याच्या नसेचं काहीतरी सांगितलं होतं, पण कौतिकभाऊंनी दोष वाऱ्यालाच दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी उजवी बाजू हलेना. डोळा पूर्ण मिटेना, पाण्याची चूळ भरली तर पाणी एका कोपऱ्यातून गळायचं. औषधं झाली, शेक झाला, कोणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं तेही झालं. तोंड जितकं सरळ व्हायचं तितकं झालं आणि थांबलं. ते रिक्षा चालवत राहिले.

मोठ्या माणसांना त्या तोंडाची सवय व्हायला वेळ लागला. लग्नाच्या पंगतीत लोक त्यांच्या समोर बसायचं टाळत. फोटोवाला आला की कौतिकभाऊ स्वतःच उठून मांडवाबाहेर जात. त्यांच्या पुतणीच्या लग्नाचा अख्खा अल्बम मी पाहिलाय, त्यात हा माणूस कुठेच नाही, आणि त्या लग्नात पाणी भरण्यापासून बिछायत उचलण्यापर्यंत सगळं त्याने केलं होतं.

पोरांना मात्र एक आठवडाही लागला नाही. कौतिकभाऊ हसले की डावी बाजू वर जायची आणि उजवी होती तिथेच राहायची. पोरांनी त्याचं नाव ठेवलं 'अर्धं हसू'. रिक्षात चढता चढता ओरडायची, "काका, अर्धं हसा ना!" ते आधी भाव खायचे, मग मागे वळून हसायचे, आणि त्याशिवाय रिक्षा सुरू व्हायची नाही.

गुलाबाईच्या दिवसांत तर या हसण्याला फार भाव यायचा. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी संध्याकाळी घरोघरी गुलाबाईची गाणी म्हणतात, आणि शेवटी त्या घरची बाई झाकलेला डबा वाजवते. आत काय आहे ते ओळखायचं. ती खिरापत. कोणालाच ओळखता येऊ नये म्हणून घरोघरच्या आया डोकी लढवतात. आपली खिरापत अवघड आहे की नाही, याची परीक्षा पोरी सकाळीच रिक्षात घ्यायच्या. डब्यात नमुना आणायचा, कौतिकभाऊंच्या कानाशी वाजवायचा. ओळखलं तर ते जिंकले. नाही ओळखलं तर ते हरले, आणि हरल्यावर अर्धं हसायचं, असा नियम. कौतिकभाऊ दरवेळी एकच उत्तर द्यायचे, "शेव-मुरमुरा." डब्यात लाडू गडगडत असला तरी शेव-मुरमुरा. लाडू ओळखता येत नाही असा माणूस खानदेशात जन्माला यायचाय. पण पोरींना ते पटायचं, त्या जिंकायच्या आणि हे हसायचे.

आता माझ्याबद्दल थोडं. माझ्या नावावर एकच पुस्तक आहे, मुलांसाठी लिहिलेली एक कादंबरी. सातपुड्यातल्या एका काल्पनिक राज्याची गोष्ट. तिच्यात मौनराज नावाचा दुष्ट जादूगार आहे आणि तो मुलांचा आवाज नेतो. हा मौनराज मी देखणा केला होता. केस नीट विंचरलेले, बोलणं गोड, कोणाच्याही घरी गेला तर आई पाट मांडेल असा. तो मुलांना घाबरवत नाही. जवळ बसवून विचारतो, आज काय काय झालं, सांग बरं. आणि इतकं मन लावून ऐकतो की मूल सगळं सांगून टाकतं, आणि सांगितलेला शब्द त्याच्याकडेच राहतो. घरी कोणी ऐकत नाही म्हणून मुलं त्याच्याकडे जातात. गोष्टीचा सगळा जीव एवढ्यात होता. मौनराज एकदाही हसत नाही.

जळगावच्या एका कंपनीला या कादंबरीची मालिका करायची होती, फोनवर बघायची, भागाभागांची. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यांची जाहिरात मी का करू? दिग्दर्शक लीलाधर हा तरुण, नम्र, वाकून नमस्कार करणारा. तो माझ्याकडे बोलायला आला तेव्हा कौतिकभाऊ ओट्यावर बशी घेऊन बसले होते. लीलाधर आत येता येता थांबला. पाय पुसायचे सोडून तो त्यांच्याकडेच पाहत राहिला. मला वाटलं, ओळखीचे निघाले.

आत येऊन बसल्यावर तो म्हणाला, "मॅडम, आपला मौनराज बाहेर बसलाय."

मी म्हटलं, "मौनराज देखणा आहे. पुस्तक वाचलंय ना तुम्ही?"

"वाचलंय. पण पुस्तकात तुम्हाला दोन पानं मिळतात. पडद्यावर पोरगं चार सेकंदांत भाग बदलतं. दुष्ट कोण, हे पाहताक्षणी कळलं पाहिजे. आणि याला रंग लावायचीसुद्धा गरज नाही."

"चेहऱ्यावरून दुष्ट कळत असता," मी म्हटलं, "तर माझी गोष्ट पहिल्याच पानावर संपली असती. दार उघडलं, तोंड पाहिलं, दार लावलं. पोरांनी सावध कशापासून राहायचं? वाकड्या तोंडापासून? माझ्या गल्लीत वाकडं तोंड एकाचं आहे आणि पोरं त्याच्या खांद्यावर झोपतात. सरळ तोंडाची तर मोजून दाखवू का तुम्हाला?"

लीलाधर हसला. फार छान दात होते त्याचे. "मॅडम, तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन त्याने कौतिकभाऊंना विचारलं.

मी मागोमाग जाऊन सांगितलं, "भाऊ, नका करू. हा माणूस वाईट आहे गोष्टीत. फार वाईट."

कौतिकभाऊंनी बशी खाली ठेवली. त्यांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता, उजव्या बाजूलासुद्धा काहीतरी होऊ पाहत होतं. "अक्का, इतला वरीसमा मना फोटू कोन्ही काढा नही," ते म्हणाले. "आते ह्या मोठा कॅमेरा लई उनात. आनि पोरेस्नी मालिका शे. पोरे किती खूश व्हतीन!"

इतक्या वर्षांत कोणी फोटो काढला नाही आणि आता हे मोठा कॅमेरा घेऊन दारात आले होते. आपल्या रिक्षातल्या पोरांनी आपल्याला पडद्यावर पाहावं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. पोरांना वाटेल की हे काकाच आहेत, काळं घोंगडं पांघरलेले, असा त्यांचा हिशेब. गावात गणपतीच्या नाटकात राक्षस व्हायचा तो ईश्वर न्हावी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच खुर्चीत पोरं केस कापायला बसायची. राक्षस कोण झालाय हे सगळ्या गावाला ठाऊक असायचं. कौतिकभाऊंनी मालिकेलाही तेच समजलं.

शूटिंग लळिंगच्या किल्ल्यावर झालं, उन्हं चांगलीच तापली होती तेव्हा. एक दिवस मीही गेले. कौतिकभाऊंना काळा झगा घातलेला, समोर धुपाटणं. उजवा डोळा मिटत नसल्याने धुराने त्यातून पाणी येत होतं, आणि लीलाधर ओरडत होता, "छान, छान, पुसू नका!" कौतिकभाऊंना ते कौतुक वाटलं. त्यांनी पुसलं नाही.

मग हसण्याचा प्रसंग आला. मी न लिहिलेला. मौनराज हसतो आणि समोरच्या मुलाचा आवाज जातो. कौतिकभाऊंना सांगून हसता येईना. पुन्हा पुन्हा केलं, तोंड नुसतंच ताणलं जायचं. लीलाधर जवळ गेला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, सगळं विसरा. तुमच्या रिक्षातली पोरं आठवा. ती काय बोलतात, ते आठवा."

कौतिकभाऊंनी मान जराशी एका बाजूला कलवली. बहुतेक डबा आठवला असेल, कानाशी वाजणारा. आणि ते हसले. अगदी तेच, डावीकडून वर जाणारं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी उन्हाचं निमित्त करून खाली उतरून आले.

शाळा सुरू झाल्यावर मालिका आली. पहिल्या भागात कौतिकभाऊ फक्त पाठमोरे होते. पोरांनी रिक्षात नुसता धिंगाणा घातला, "आमचे काका, आमचे काका!" त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे दोन बशा चहा घेतला. नंतर हसण्याचा भाग आला. तोंड पडद्याएवढं मोठं, खालून उजेड, हसण्याला मागून घंटेसारखा आवाज जोडलेला, आणि समोरची गोड मुलगी ओठ हलवते पण शब्द फुटत नाही. चांगलं केलं होतं, खोटं कशाला बोलू. माझीही पाठ ताठ झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौतिकभाऊंनी मागे वळून अर्धं हसून दाखवलं, रोजच्यासारखं. बालवाडीतल्या एका मुलाने आवाज जाऊ नये म्हणून दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरला. मग बाकीच्यांनीही धरला. अर्ध्यांना तो खेळ वाटत होता, अर्ध्यांना नाही. शाळेपर्यंत रिक्षात कोणी बोललं नाही. कौतिकभाऊंनी मला हे सांगितलं तेव्हा ते हवापाण्याचं बोलावं तसं बोलत होते.

मी म्हटलं, "विसरतील."

"हा," ते म्हणाले.

विसरली नाहीत. आठ-पंधरा दिवसांत दोन आया येऊन म्हणाल्या, काका, राग मानू नका, पण तोंडाला रुमाल बांधून येत जा, हा झोपेत दचकतो. कौतिकभाऊ रुमाल बांधू लागले. रुमालामुळे मुलांना उलट जास्तच वाटू लागलं की खाली काहीतरी आहे. मग एकेक करून पोरं पिवळ्या व्हॅनमध्ये गेली. कोणी भांडलं नाही, कोणी वाईट बोललं नाही. एका बाईने तर जाताना रिक्षाला नारळ दिला. मागच्या बाकावर दप्तरं ठेवायला आता भरपूर जागा होती. उरली ती चार-पाच पोरं, ज्यांच्या घरावरून व्हॅन जात नव्हती. त्यांत सोनल नावाची दुसरीतली मुलगी होती.

मी चिडून लीलाधरला फोन केला. म्हटलं, ते हसणं काढा. तो म्हणाला, "मॅडम, तेच तर लोक सगळ्यात जास्त बघतात. आणि तुमची तक्रार मी मनावर घेतलीय. पुढच्या भागांत आपण मौनराजला पूर्वायुष्य देतोय. लहानपणी शापाने तोंड वाकडं झालं, म्हणून तो जगावर सूड घेतो. प्रेक्षकांना त्याची दया येईल."

म्हणजे आधी तोंडामुळे दुष्ट, आता तोंडाच्या कारणामुळे दुष्ट. मी फोन ठेवला. त्या दिवसापासून लीलाधरवर रागवायचं म्हटलं तरी आतून काही येत नाही. पुस्तकाच्या उरलेल्या प्रती पलंगाखाली आहेत, त्यांच्यावरची धूळही मी पुसत नाही.

लीलाधरने पुढच्या भागांसाठी कौतिकभाऊंनाही बोलावलं होतं. तुम्ही त्याला काय सांगितलं, असं मी त्यांना विचारलं.

"सांगं, मी आते हासत नही," ते म्हणाले, आणि रुमाल वर करून बशी ओठाला लावली. बोट लावायला विसरले. चहा सदऱ्यावर सांडला, तो त्यांनी पुसला नाही.

परवा गुलाबाई बसली. शाळा सुटली तेव्हा मी ओट्यावरच होते. पोरं आली, दप्तरं टाकून मुकाट बसली. सोनल मात्र चढली नाही. ती पुढे गेली, कौतिकभाऊंच्या शेजारी उभी राहिली आणि सकाळपासून दप्तरातच राहिलेला डबा काढला. तिने तो त्यांच्या कानाशी वाजवला. जवळजवळ आवाजच आला नाही. आतलं काहीतरी ओलं, जड, एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकलं.

"ओळखा," ती म्हणाली.

मागची पोरं पुढे झुकली. एकाचा हात गळ्याकडे गेला होता. सोनलचे दोन्ही हात डब्यावर होते आणि ती त्यांच्या रुमालाकडे बघत होती. मी पायरी उतरले. म्हणा, मी मनात म्हणत होते, म्हणा शेव-मुरमुरा.

कौतिकभाऊंनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "उकडेल शेंगा," ते म्हणाले.

सोनलने झाकण उघडलं. उकडलेल्या शेंगाच होत्या, मीठ लावलेल्या.

"काका, तुम्ही चुकायचं होतं," ती म्हणाली.

"तू हारनी," कौतिकभाऊ म्हणाले. "बस आते." त्यांनी ती चढेपर्यंत वाट पाहिली, मग रिक्षा सुरू केली आणि पुलाकडे निघून गेले.