बळीरामच्या होडीतलं टेबल

सामाजीकाकांकडून टेबल करून घ्यायचं माझ्या डोक्यात आलं ते एका जळक्या विजारीमुळे.

मी तेव्हा लोकल बोर्डाच्या नोकरीत देवी काढणारा होतो. पनवेल बंदरातून बळीरामच्या शिडाच्या होडीने निघायचं, खाडीकाठच्या गावांना लागायचं आणि रडणाऱ्या पोरांच्या दंडांवर देवीची लस टोचायची, हा माझा धंदा. लोक मला ‘देवी डाक्टर’ म्हणत. डॉक्टरकीचा एक कागद माझ्याजवळ नव्हता, पण मीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. काठावर गुडघाभर चिखल, म्हणून भरतीच्या वेळी बायका पोरं घेऊन होडीशीच येत. होडीत बसून एका मांडीवर नावांचं रजिस्टर आणि दुसऱ्या मांडीवर स्पिरिटचा दिवा, असा माझा दवाखाना चाले. न्हावा गावाच्या काठाला एकदा होडीला हिसका बसला, दिवा कलंडला, आणि विजारीबरोबर मांडीही भाजली. त्यानंतर मी टेबलासाठी अर्ज केला. दोन वर्षांत सात अर्ज केले, तेव्हा कुठे साहेबांना माझी मांडी दिसली आणि घडीचं एक टेबल मंजूर झालं.

सामाजीकाका सुतार, बेने इस्रायली यहुदी, इस्रायल आळीत राहायचे. अर्ध्या पनवेलची दारं-खिडक्या त्यांच्या हातची. शनिवारी ते हत्याराला शिवत नसत. शुक्रवारी उन्हं उतरायच्या आत हातपाय धुऊन, स्वच्छ सदरा घालून ओसरीवर बसलेले दिसत. वय साठीच्या पुढे. माणूस सकाळी उठल्यावरही दमलेला दिसावा, असा त्यांचा चेहरा झाला होता. मी तो वयाचा दोष समजत होतो.

मी कागदावर टेबलाचं चित्र काढून नेलं तेव्हा त्यांच्या घरात भांडण चालू होतं. भांडण जुनंच. मुलगा सॉल तीन वर्षांपूर्वी इस्रायलला गेला होता आणि दर पत्रात ‘आता या’ म्हणून लिहीत होता. तिकडे त्याला मुलगा झाला होता. रेबेकाकाकूंनी तो नातू फक्त फोटोत पाहिला होता. काका एकच उत्तर देत. माझा हात आता चालत नाही, मुलाच्या जिवावर बसून खायला मी इतक्या लांब येणार नाही.

“हात चालत नाही म्हणे!” काकू मलाच साक्षीला धरून म्हणाल्या. “कमळाकर, काय करायचंय तुम्हाला?”

मी चित्र पुढे केलं. काकूंनी ते नीट पाहिलं आणि नवऱ्याकडे वळल्या. “अहो, हे टेबल करा. एलियाहू हनाबीला नवस बोलून करा. नीट झालं, तर हात चालतो म्हणायचं, नवसाचा मलिदा करायचा आणि निघायचं. नाही झालं, तर मी जन्मात पुन्हा जाण्याचा शब्द काढणार नाही.”

काकांनी चित्रावर बोटांनी माप धरून पाहिलं. मग म्हणाले, “कबूल.”

मला काय, माझं टेबल होणार होतं. मी खूश होऊन घरी आलो. आपल्या कामाच्या नादात माणूस किती आंधळा होतो, ते मला पुढे कळलं.

टेबल असं होतं: एक सागवानी फळी, पितळी बिजागऱ्यांनी होडीच्या कडेला जोडलेली. काम नसेल तेव्हा खाली लोंबती सोडायची, काम असेल तेव्हा उचलून तिच्या पोटाखालचे दोन पाय उलगडायचे आणि होडीच्या तळाच्या फळीवर टेकवायचे. चारी बाजूंना बोटभर उंच कड, म्हणजे बाटल्या आणि दिवा घसरणार नाही. काकांनी लोखंडाचा एक खिळा वापरला नाही. “खारं पाणी लोखंड खातं,” एवढंच ते म्हणाले.

मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. काका रंधा मारायचे, चार हात मारले की थांबायचे, धाप टाकायचे, पुन्हा मारायचे. मान खालीच. सांधे बसवले, पायांच्या बिजागऱ्या बसवल्या, मग काचकागदाने घासायला घेतलं. फळीवर तळहात फिरवायचा, कुठे खरखर लागली की तिथेच घासायचं. लाखेचं पॉलिश त्यांनी नाकारलं, पाणी लागलं की ते पांढरं पडतं म्हणून. जवसाचं तेल गरम करून फडक्याने चोळलं, वाळू दिलं, पुन्हा चोळलं. असे पाच हात दिले. सागवानाचा रंग असा खुलला की मला त्यावर स्पिरिटचा दिवा ठेवायची लाज वाटू लागली. काकूही मधूनमधून येऊन फळीवरून हात फिरवून जात. त्यांच्या चेहऱ्यावर आता सुटकेस भरल्याचा आनंद दिसायचा. होडीवर जाऊन पायांची मापं घेणं आणि टेबल बसवणं काकांनी एकट्यानेच उरकलं. मी त्या दिवशी दुसऱ्या होडीने करंजा गावी गेलो होतो.

मग रविवारी सकाळी, भर भरतीला, आम्ही बंदरावर गेलो. मी, काका आणि काकू. बळीराम होडीत उभाच होता. होडी पाण्यावर छान तरंगत होती. काकांनी टेबल उचललं, पाय उलगडले, टेकवले. मी खिशातून औषधाची बाटली काढून फळीवर आडवी ठेवली.

बाटली गडगडत सरळ पलीकडच्या कडेवर जाऊन आपटली.

पुन्हा ठेवली, पुन्हा गेली. टेबल चांगलं दोन बोटं उतरतं होतं. बिनकडेचं असतं तर बाटली खाडीतच गेली असती.

“झालं,” काका म्हणाले. “बघ, रेबेका. हात गेला माझा.”

काकू धक्क्याच्या पायरीवर बसल्या. त्या रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. पदराने नुसतं तोंड पुसलं आणि पाण्याकडे बघत राहिल्या. ते मला बघवेना. मी काकांच्या पेटीतला गुण्या काढला आणि एकेक सांधा तपासू लागलो. कोपरे काटकोनात होते. फळी सरळ होती. पाय एकमेकांबरोबर होते. केस शिरेल एवढीही फट कुठे नव्हती. मग वाकडं काय होतं?

“डाक्टर,” बळीराम म्हणाला, “मिस्तरी मापं घ्याला आलते तवा पानी नव्हता. होडी चिखलान कुशीवर परली होती. मी बोललू, भरतीला या. पन त्यांनी तशीच पाणसळ लावली.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लवंडलेल्या होडीत काकांनी पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणून टेबल अगदी पाण्याच्या रेषेत बसवलं होतं. आता होडी सरळ झाली होती, म्हणून टेबल वाकडं झालं होतं.

“काकू!” मी ओरडलोच. “हात नाही चुकला! ओहोटी चुकली! टेबल एकदम अव्वल आहे. दोन्ही पाय तेवढे दोन बोटं कापले की झालं!”

काकू उठल्या. पायरीवर उभ्या राहून त्यांनी हात जोडले, आणि आता मात्र त्या घळाघळा रडल्या. मला वाटलं, आज आपण आयुष्यात एक पुण्याचं काम केलं. मी दीडशहाण्यासारखा हसत होतो. काकांकडे मी बघितलंच नाही.

काकू मलिद्यासाठी पोहे आणि नारळ आणायला बाजारात गेल्या. बळीराम काठाला बिडी ओढायला गेला. काकांनी होडीतच पाय कापायला घेतले. मी फळी धरून बसलो. करवत दोनदा फिरली आणि थांबली.

“पंचेचाळीस वर्षं या खाडीच्या काठावर काम करतोय मी,” काका म्हणाले. “ओहोटीला होडी कलते, हे मला बळीरामने शिकवायचं?”

मी फळीवरचा हात काढला.

“मग मुद्दाम?” मी विचारलं.

“मुद्दाम.”

“मग एखादा सांधाच ढिला ठेवायचा होतात. कुणाला कळलं असतं?”

“ठेवला होता. दोन दिवस जेवण गेलं नाही. काढून पुन्हा बसवला.” त्यांनी आपल्या हातांकडे असं बघितलं, की जणू मोलाने लावलेल्या दोन गड्यांनी दगा दिला असावा. “हे ऐकत नाहीत रे. वाकडं करता येत नाही मला. मग म्हटलं, आपण सरळच करावं, वाकडं काय करायचं ते पाण्याने करावं.”

“पण का, काका? हात चालतोय तर...”

“हात चालतो. मी थकलोय.” हे ते इतक्या हळू म्हणाले की मला पुढे वाकावं लागलं. “चौदाव्या वर्षी रंधा हातात आला. आता मला माझ्या ओसरीवर बसायचंय. नुसतं बसायचंय. पण ‘थकलो’ म्हटलं की लोक म्हणतात, चार दिवस आराम करा. ‘हात गेला’ म्हटलं की गप्प बसतात. रेबेकाही गप्प बसली असती.”

“काकूंना हेच सांगा ना. मी सांगू?”

“आता?” त्यांनी बाजाराच्या दिशेने मान केली. “आता तिच्या डोळ्यांपुढे नातू उभा राहिलाय. मी तिला परत पायरीवर बसवू?”

आणि त्यांनी पुन्हा करवत चालवायला घेतली. पाय कापले, तेल लावलं, टेबल टेकवलं. बाटली ठेवली तिथेच राहिली. मी धडधाकट तिशीतला माणूस, सात अर्ज करणारा, आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरचा थकवा मला महिनाभर रोज बघूनही वाचता आला नव्हता. माझा मलाच संताप आला.

संध्याकाळी मलिदा झाला. काकूंनी माझ्या हातावर जास्तीचा घास ठेवला आणि म्हणाल्या, “कमळाकर, तुम्ही बोललात म्हणून हो.” मी मान वर केली नाही.

हिवाळा सरता सरता ती दोघं गेली. मी बळीरामच्या होडीतून गावोगाव फिरत राहिलो. टेबल इतकं पक्कं होतं की बायका त्यावर पोरांना बसवायला लागल्या. पुढे चार महिन्यांनी सॉलचं पत्र आलं. मी ते बंदरावर बळीरामला वाचून दाखवलं. आई नातवाला खाली ठेवत नाही, असं त्यात होतं. आणि बाबांचं काम बघून लोक थक्क झाले, आठवड्यात त्यांना एका मोठ्या कारखान्यात घेतलं, नव्या घरांच्या खिडक्या करतात, सकाळी सहाला जातात, मुकादम म्हणतो आणखी दहा वर्षं सोडणार नाही.

“बेस झाला!” बळीराम म्हणाला. “मिस्तरींचा नशीब चांगला हाय.”

मी पत्राची घडी घातली आणि त्याला होडी सोडायला सांगितली.