अर्धं नाव

बीरगांवच्या कॉन्व्हेंटातल्या त्या ननला सगळे काळी सिस्टर म्हणत. दुसरी सिस्टर केरळची, जरा उजळ, म्हणून हिचं हे नाव. तीही फोनवर खुशाल सांगायची, "हव, काळी सिस्टर बोलून राहिली." ती जशपूरकडची, उरांव आदिवासी. मराठी माझ्या आईकडून उचललेली, म्हणून बोलणं थेट आमच्यासारखं.

तिच्या शिवणवर्गात पहिल्या दिवशी मी पूर्ण नाव सांगितलं. तिनं वहीत फक्त 'सुजाता' लिहिलं. म्हणाली, "देव नावानं हाक मारते पोरी, आडनावानं नाही. मले अर्धं पुरते." आडनाव ऐकून चेहरा बदलणारी माणसं मी तोवर पुष्कळ पाहिली होती. त्या दिवशी मी जवळजवळ नाचतच घरी आले आणि आई-बाबांना ते सांगितलं.

पहाटेची प्रार्थना आटोपली की गुडघे चोळत उठायची. "गुडघ्यायचं काम झालं, आता पायायचं," म्हणायची आणि पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, घरोघर फिरायला निघायची.

एकदा ते पाय ग्रेससाठी झिजले. ग्रेस झांबियाहून नर्सिंग शिकायला आलेली. शेजाऱ्यांनी कुरकुर केली म्हणून जवळच्या भनपुरीतल्या घरमालकानं तिला खोली सोडायला सांगितली, तीही ऐन परीक्षेत. सिस्टर तिला घेऊन दारोदार फिरली. ग्रेसचं आडनाव विचारायचीही कुणाला गरज पडली नाही. तिचं तोंड दिसलं की खोली 'आत्ताच गेलेली' असायची.

शेवटी दोघी आमच्या दारात आल्या. वरची खोली रिकामीच होती. आणि रोज सकाळी त्रिशरण म्हणणारे माझे बाबा मान खाली घालून म्हणाले, "मले काही नाही सिस्टर, पण लोक काय म्हणतीन?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिस्टरनं आवाज चढवला नाही. "बाबूजी, जवानीत तुमाले सदर बाजारात खोली काहून नाही भेटली?"

ती हकिकत बाबांनीच तिला सांगितली होती. आडनाव कळल्यावर तिथल्या मालकानं त्यांना टेकवलेली वळकटी परत उचलायला लावली होती. बाबा उठले, किल्ली आणली आणि ग्रेसच्या हातात दिली. मला त्यांचा इतका अभिमान आधी कधी वाटला नव्हता, आणि सिस्टरचा तर विचारूच नका.

ग्रेस पास होऊन मायदेशी गेली. सिस्टरची बदली अंबिकापूरला झाली, तेव्हा अख्खा पारा रडला.

परवा खोली बघायला कारखान्यातली एक बाई आली. चाचरत म्हणाली, "बाबूजी, मेरा पूरा नाम..."

"अर्धं पुरते, बाई," बाबा म्हणाले आणि किल्ली आणायला उठले.